काढले जाणार : एक

स्क्रीन काळी होती आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत कॉम्प्युटर ताईला एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होता. नवीन बसवायची पॅकेजेस : दोनशे बारा. काढले जाणार : एक. खाली त्या एकाचं नाव होतं, ‘बाबा’. पुढे जायचं का? हो किंवा नाही.

सकाळी असाच प्रश्न आला तेव्हा ताईने न वाचता ‘हो’ दाबलं होतं. तिला दोष कोण देणार? प्रोग्रामांच्या असल्या याद्या वाचत बसणारा माणूस अजून जन्माला यायचाय. स्क्रीनवरचा जुना डेस्कटॉप गेला, नवा यायचा अडला आणि त्यावरचे चाळीस मोठे चौकोन नाहीसे झाले. चौकोन दाबला की बाबा बोलायचे. घशाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी धाकट्या भावाने त्यांच्याकडून चाळीस वाक्यं म्हणून घेतली होती आणि ‘बाबा’ नावाचा हा छोटासा प्रोग्राम बनवला होता. ऑपरेशननंतर बाबांचा आवाज म्हणून घरात तेवढाच उरला होता.

बाबा शेजारच्या खुर्चीत पाटी घेऊन बसले होते. त्यांनी लिहिलं, ‘काढून टाक. पाटी चालेल मला.’

“चालेल म्हणे,” ताई म्हणाली. “सकाळपासून तीन पेन्सिली मोडल्यात तुम्ही.”

गोम अशी होती की नव्या डेस्कटॉपला आवाजाची नवी लायब्ररी, म्हणजे आवाज वाजवणारा जोडप्रोग्राम, हवी होती, ‘बाबा’ला जुनी, आणि त्या दोघी एका घरात नांदायला तयार नव्हत्या. ताईने साधा, हलका डेस्कटॉप मागून पाहिला. त्यालाही नवीच हवी. जुनी बळेच ठेवून पाहिली, तर दोनशे बारा जण रुसून बसले. अमका लग्नाला येणार असेल तर आम्ही नाही येत, म्हणणारे नातेवाईक तिने पाहिले होते, पण एकदम इतके नाही.

दातांच्या लॅबमध्ये वीस वर्षं कवळ्या घासून घासून नेमक्या बसवणारी बाई ती, सहजी हार मानणारी नव्हे. पण इथे तिने हात टेकले. यातलं कळणारा माणूस घरात एकच, आणि त्याच्याशी ती आठ महिने बोलली नव्हती. बाबांनी कोणाकडे राहायचं यावरून दोघांचं वाजलं होतं.

बाबांनी पाटी पुसली आणि लिहिलं, ‘खटपट्याला विचार.’ धाकट्याचं घरातलं नाव ते.

ताईने फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि ‘कसा आहेस’ वगैरे काही न विचारता स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवलं.

“थांब! काही दाबू नकोस,” तो म्हणाला. तो घाबरला होता, ते आवाजावरूनच कळत होतं. “माझ्याकडची प्रत बिघडलेल्या डिस्कबरोबर गेली. आता आहे ती तिथलीच.”

ताईने कीबोर्डवरून हात उचलून मांडीवर ठेवले.

मग त्याने सांगितलं तसं तिने एकेक अक्षर टाईप केलं. ‘बाबा’ची आधी एक नक्कल घेतली, मग ती उघडली. आत चार ओळींची एक फाईल होती, ती तिने मोठ्याने वाचली. “नाव, बाबा. गरज, आवाजाची लायब्ररी, हीच आवृत्ती, दुसरी नाही. टीप, आमच्या बाबांचा आवाज आहे. हात लावू नये.”

“बघ ना. नवी चालतच नाही त्याला.”

“डॉक्टरांकडून कवळी परत आली, बसत नाही म्हणून, की मी पहिलं काय विचारते माहितीये? माप कोणी घेतलं होतं?” ताई म्हणाली. “हे माप कोणी घेतलं?”



“मीच. नवी लावून पाहिलीच नव्हती. नाही चालणार असं धरूनच चाललो.”

“तुझं नेहमीचंच.”

“आणि तुझं गं? मी तळमजल्यावर घर घेतलंय, त्यांना जिना चढावा लागू नये म्हणून. ते तरी ऐकून घेतलंस?”

बाबांनी ताईकडे पाहिलं. ताईने स्क्रीनकडे पाहिलं.

“‘हीच’च्या जागी ‘ही किंवा पुढची’ करू का?” तिने विचारलं.

“कर.”

तिने केलं. पॅकेज पुन्हा बांधलं, बसवलं आणि नवा डेस्कटॉप पुन्हा मागितला. नवीन बसवायची : दोनशे बारा. काढले जाणार : शून्य. या वेळी ताईने दोनशे बाराही नावं वाचली आणि मगच ‘हो’ दाबलं.

वीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात फोन मात्र कोणी ठेवला नाही. शेवटी स्क्रीन निळी झाली आणि चाळीस चौकोन आपापल्या जागी येऊन बसले.

“चालतंय का बघ,” खटपट्या म्हणाला.

“तू बनवलंयस, नाही चाललं तर तूच निस्तर.”

“म्हणजे मीच येऊ का आता तिकडे?”

“ये की. कोणी अडवलंय?”

बाबांनी पाटी बाजूला ठेवली, माऊस पुढे ओढला आणि सगळ्यात खालचा चौकोन दाबला.

“पुरे आता दोघांचं!” बाबांचा जुना, भरदार आवाज खोलीत आला. आणि त्याच्या पाठोपाठ, वाक्यं म्हणून घेताना तिथेच बसलेल्या ताई आणि खटपट्याचं खिदळणं.

बाबांनी तोच चौकोन पुन्हा दाबला.