कढई उतरवायची वेळ

“आता,” सून म्हणाली आणि मलमकाकूंनी कढई खाली उतरवली.

दोघींनी मिळून तेल गाळलं, त्यात मेण विरघळवलं आणि डब्या भरल्या. थंड झाल्यावर काकूंनी बोटभर मलम मनगटावर चोळून पाहिलं. मऊ, मधाच्या रंगाचं, चिकटपणाचं नाव नाही. याही खेपेला जमलं होतं. काकूंचा जीव भांड्यात पडला, पण चेहऱ्यावर त्यांनी काही दिसू दिलं नाही. चार पिढ्यांचं मलम करणाऱ्या बाईला हायसं वाटताना दिसलं, तर लोक नाही नाही ते प्रश्न विचारतात.

गल्लीच्या टोकाला एक मोठी लाँड्री होती. साबणाच्या पाण्याने तिथल्या बायकांचे हात फुटायचे, भेगांतून रक्त यायचं. दुकानातल्या ट्यूबा लावून थकल्या की त्या मुकाट्याने काकूंचं दार वाजवायच्या, आणि आठवड्यात हात माणसांत यायचे. काकूंचं खरं नाव काय, हे मात्र निम्म्या गल्लीला सांगता आलं नसतं.

मलमाची विद्या या घरात सासूकडून सुनेकडे येत होती. कृती म्हटली तर सोपी. तीन प्रकारची मुळं तेलात घालून मंद आचेवर ठेवायची. खरी मेख होती उतरवण्यात. कच्चट वास जाऊन गोडसर वास सुटला की त्याच क्षणी कढई खाली आली पाहिजे. आधी उतरवली तर मलम फुकट, उशीर झाला तर तेच मलम हाताला झोंबणार. हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. “नाक सांगेल,” एवढं बोलून काकूंच्या सासूबाई विषय संपवायच्या.

आणि काकूंचं नाक दोन वर्षांपूर्वीच्या तापात कामातून गेलं होतं.

ताप उतरला, पण वास काही परत आला नाही. काकूंनी लवंग हुंगली, रॉकेल हुंगलं, मुलाचे गॅरेजमधून आलेले मोजेसुद्धा हुंगले. काही नाही. त्या रात्रभर रडल्या आणि सकाळी तोंड धुऊन गप्प बसल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्याच महिन्यात मुलाचं लग्न झालं, सून घरात आली आणि काकूंना युक्ती सुचली. त्यांनी सुनेला शेजारी बसवलं, वास कसा बदलतो ते समजावलं आणि बजावलं की, मी तोंडातून शब्द काढणार नाही, वेळ झाली की तूच सांगायचं, आमच्याकडे असंच शिकवतात. सून जरा बावरली, पण नव्या घरात नाही कोण म्हणणार? पहिल्या खेपेला काकू मनातल्या मनात देवाचा धावा करत बसल्या होत्या. पोर “आता” म्हणाली आणि मलम अस्सल उतरलं.

तेव्हापासून हेच चाललं होतं. काकू आपलं नाटक चोख वठवायच्या. मुळांची तडतड थांबून तेल गप्प झालं की त्यांचं डोकं जुन्या सवयीने पुढे झुकायचं, आणि झुकलंच आहे म्हणून त्या दोनदा खोटंखोटं हुंगूनही घ्यायच्या. सून कढईकडे कमी आणि त्यांच्याकडेच जास्त बघत बसायची. पोर मोठी आदबशीर आहे, असं काकूंना वाटायचं.

एकदाच सोंग उघडं पडायची वेळ आली होती. दोघी स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसलेल्या, आणि मागे शेगडीवर दूध करपून कोळसा झालं. मुलगा अंगणातून नाक धरून धावत आला. काकूंना घाम फुटला. पण सुनेनेच पटकन सांगितलं की, बोलण्याच्या नादात माझंच लक्ष गेलं नाही. पोरीने सगळं स्वतःवर घेतलं, हे काकू कधी विसरल्या नाहीत.

आता मात्र लेकीचं बाळंतपण आलं होतं. लेक लांबच्या गावी, म्हणजे काकू चार महिने तरी परत येत नाहीत. आजच्या डब्या फार तर महिनाभर पुरल्या असत्या. पुढची कढई सुनेने एकटीने चढवायची होती, आणि चुकली तर लाँड्रीतल्या बायकांनी कुठे जायचं?

“मला एकटीला नाही जमायचं, आई,” सून डब्यांची झाकणं लावता लावता म्हणाली.

“दोन वर्षांत एकदा तरी चुकलीस का?”

“तुम्ही शेजारी असता म्हणून.”

काकूंना हा विनय वाटला. पण मग झाकणं लावणारे तिचे हात त्यांना दिसले. लावलेलं झाकण ती पुन्हा पुन्हा काढून लावत होती. पोर खरोखरच घाबरली होती, आणि तिला धीर देईल अशी एकच गोष्ट काकूंकडे होती. ती सांगायची म्हणजे आपली सगळी अब्रू तिच्या हातात द्यायची. या पोरीवर त्यांचा जीव जडला होता, अब्रूपेक्षा थोडा जास्तच.

“इकडे बघ. मी नुसती शेजारी बसलेली असते गं. तापात माझा वास गेला, तो गेलाच. दोन वर्षांत मला या कढईचा कसलाही वास आलेला नाही. एवढ्या बायकांचे हात बरे झाले ते तुझ्या नाकामुळे, पोरी. माझ्या नाही.”

सुनेच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. ही आता रागावणार, असं काकूंना वाटलं. पण तिला हसू फुटलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

“आई, मला जन्मापासून वास येत नाही. तुम्ही पुढे वाकून हुंगलंत की मी ‘आता’ म्हणायचे.”