कलमात न बसणारा प्रश्न

"ट्रकवाला सापडला. त्याने कबुली दिली. खटला उभा राहतोय. आता आणखी काय हवंय तुम्हाला?" फौजदाराने विचारलं. आवाजात राग नव्हता, घाई होती.

चष्मेवाला खुर्चीच्या टोकाशी बसला होता. त्या ट्रकखाली बायको जाऊन चार महिने झाले होते.

"ती त्या रस्त्यावर काय करत होती?" तो म्हणाला. "मंगळवार होता, दुपारचे साडेबारा. ती वाचनालयात कामावर असायला हवी होती. तो रस्ता गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथे आमचं कुणी नाही."

फौजदाराने फाइल मिटली. "साहेब, रस्त्यावर असणं हा काही गुन्हा नाही. हे कुठल्या कलमात बसत नाही. कुणी मारलं ते शोधणं आमचं काम. कुठे निघाल्या होत्या ते नाही."

माणूस वाईट नव्हता. दारापर्यंत सोडायला आला.

तो आता खासगी गुप्तहेराकडे जाणार हे त्याच्या ताईला कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "अरे, गेलेल्या माणसाच्या मागे हेर लावतोस? झाकली मूठ राहू दे की." तो काही बोलला नाही. ताईने ते नेहमीचंच म्हणून सोडून दिलं. त्या नवराबायकोच्या घरात बोलण्याची सवयच मोडली होती. भांडण कधी झालं नव्हतं. फक्त लग्नाच्या एकोणीस वर्षांत शब्द एकेक करून कमी होत गेले होते. शेवटी 'दूध घेतलं', 'किल्ली ठेवली' एवढेच उरले. ती गेल्यावर घर शांत झालं असं लोक म्हणायचे. त्याला तर फरकच कळत नव्हता, आणि त्याचीच त्याला भीती वाटत होती.

गुप्तहेर बाईंचं ऑफिस झेरॉक्सच्या दुकानावर होतं. एक टेबल, दोन खुर्च्या, खिडकीत वाळत घातलेली छत्री. बाई आधी चौदा वर्षं पोलिसात होत्या.

"कुणावर संशय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"इथे येणारे नवरे संशय घेऊनच येतात."

"संशय यावा इतकीही ती मला माहीत नव्हती," तो म्हणाला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग तिचा फोटो मागितला.

आठ दिवस त्या अपघाताच्याच वेळी, त्याच रस्त्यावर जात राहिल्या. बसथांब्यावर बसल्या. औषधांच्या दुकानात विचारलं, केशकर्तनालयात विचारलं. आतल्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याने फोटो ओळखला. या बाईंनी आपल्याला एका घराचा पत्ता विचारला होता, म्हणाला. त्या घरी गुप्तहेर बाई खोली बघायला आलेली भाडेकरू म्हणून गेल्या. त्यांच्याकडे आता वॉरंट नव्हतं, बहाणा होता.

नवव्या दिवशी त्यांनी चष्मेवाल्याला बोलावून घेतलं.

"पोलिसात होते तेव्हा जे सापडेल ते लिहावंच लागायचं," त्या म्हणाल्या. "आवडो न आवडो. इथे वाचणारे तुम्ही एकटेच. मी म्हणेन, काही सापडलं नाही. तुम्ही घरी जाल. चालेल?"

"दुसरा कुणी होता का?"

"नाही. कुणीच नव्हतं."

"मग सांगा."

"त्यांनी राहायला खोली बघितली होती. एकटीसाठी. पक्की केली होती."

त्याने मान हलवली. आपल्याला काहीतरी व्हायला हवं असं त्याला वाटलं. झालं काहीच नाही. पायाला मुंग्या आल्यावर चिमटा काढला तर कळावा, पण दुखू नये, तसं.

"मला ती खोली बघायचीय," तो म्हणाला.

दोघं निघाले. मुख्य रस्ता ओलांडून आत दहा मिनिटं चालत गेले. घरमालकीण निवृत्त परिचारिका होती. गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नव्हती. ती जिना धरून हळूहळू त्यांना वर घेऊन आली. खोली लहान होती. लोखंडी पलंग, ओटा, एक खिडकी. खिडकीतून शेजारच्या गच्चीवरच्या टाक्या दिसत होत्या. चष्मेवाल्याने नळ सोडून बघितला. पाणी आलं. त्याने नळ बंद केला.

"ह्या बाई सांगत होत्या, तुम्ही वाचनालयवाल्या बाईंच्या ओळखीचे," घरमालकीण म्हणाली. "बरी आहेत ना त्या? पक्कं करून गेल्या, ते परत आल्याच नाहीत. मन बदललं असेल म्हणा."

गुप्तहेर बाईंनी त्याच्याकडे बघितलं. तो खिडकीकडे बघत होता.

"त्या दिवशी काय म्हणाल्या त्या?" त्याने विचारलं.

"घाईत होत्या हो. किल्लीसुद्धा नेली नाही. म्हणाल्या, उद्या सामान घेऊन येते, आज नवऱ्याला सांगते. ते एक वाजता जेवायला घरी येतात, तेव्हाच गाठायचंय. मी म्हटलं, कशाला तोंडासमोर जाता? चिठ्ठी ठेवा आणि निघून या. किती बायका तसंच करतात. मी स्वतः तेच केलं होतं."

ती दम घ्यायला पलंगावर टेकली.

"तर हसल्या. चार वेळा आल्या असतील इथे, पण हसताना त्या दिवशीच बघितलं. म्हणाल्या, 'नाही हो, चिठ्ठी नको. इतक्या वर्षांनी आम्हाला बोलायला काहीतरी मिळालंय.'"