फळ्याचा एकच वाचक

सकाळचं ऊन आमच्या नायगावच्या चाळीत घाईने शिरत नाही. आधी कठड्यावर टेकतं, मग वाळत घातलेल्या साड्यांमधून झिरपत जिन्याखालच्या फळ्यावर हळूहळू पसरतं. त्या फळ्यावर मी वर्षभर रोज एक छोटा लेख लिहीत आलो, कारण शेजारचे तात्या भिंतीचा आधार घेत येत आणि फळ्यासमोर थांबत. दुसरं कुणी थांबत नसे.

आज काहीच सुचलं नाही. कालचा लेख पुसून मी फळा कोराच ठेवला.

तात्या आले, नेहमीइतकाच वेळ थांबले आणि म्हणाले, “वरद, आजचा शेवट अगदी काळजाला भिडला बघ.”

 

तात्यांना दिसत नाही, हे मला बऱ्याच दिवसांपासून ठाऊक होतं.