पेटीवरची हिरवी चिंधी

केसरने बांगड्याचा कल्ला उचलला, आत बघितलं आणि तो बांगडा मासेवाल्याच्या पाटीत परत आपटला.

"ह्याला मासा म्हणतोस? कल्ला राखेसारखा झालाय! माझी पोर सातव्या महिन्यात हाय रे मेल्या. परवा तुझंच खाऊन दवाखान्यात पडली. पोटातलं वाचलं ते एकवीरा आईची कृपा!"

कर्जतचा अख्खा मासळीबाजार बघायला लागला. बघू देत! रेवसची कोळीण ती. भाऊच्या धक्क्यावरचे भलेभले दलाल तिच्या तोंडाला टरकून असत, तिथे ही कोण माणसं? मुळात पोर इथे दिली हेच चुकलं, असं ती सकाळी एसटीतून उतरल्यापासून बडबडत होती. चारी बाजूंनी डोंगर, मध्ये खळगा आणि म्हणे शहर! मुंबईची माणसं पैसे मोजून इथे काय बघायला येतात? दगड? ना खाडी, ना खारा वारा. जावयाने कौतुकाने नदी दाखवली, तर ही म्हणाली, "आमच्याकडं ह्याला गटार म्हणतात."

सोबत आलेली लेक विनिता घरातून निघताना नको नको म्हणत होती. पण केसर कुणाचं ऐकते?

"डोंगरातल्यांना मासळीतलं काय कळतंय!" ती लेकीला म्हणाली. "चल, आजच माहेरी चल. बाळंतपण तिथंच."

मासेवाला रेहान शांतपणे ऐकत होता. "मावशी, मी काय समुद्रात जाळं टाकतो? पेटी येते तशी विकतो. वर चार ताजे, तळाला हा असला माल. नेहमीचंच आहे." त्याने ओट्याखालची पेटी पुढे ओढली.

पेटीच्या कडीला हिरव्या लुगड्याची चिंधी बांधलेली होती.

केसरने वाकून ती चिंधी बोटांत धरली. लुगडं तिचंच. पेट्या हरवू नयेत म्हणून तिनेच ते फाडून चिंध्या बांधल्या होत्या. डोंगराकडच्या टेंपोच्या पेट्या ती नेहमी शेवटी भरायची, धक्क्यावर न खपलेला माल तळाशी घालून. टेंपो कुठल्या गावाला जातो, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

विनिताने खाली बघतच आईचा हात धरला.

"मी दुसऱ्या कुणाकडून घेतच न्हाय गो आये," ती म्हणाली. "ही चिंधी दिसली की माहेरचं हाय म्हणून न बघता घेते."