गाडीशी गप्पा

"हे बघ, आणि मग सांग आई ठणठणीत आहे म्हणून," असं म्हणत त्याने फोन बायकोपुढे सरकवला.

चित्रात त्यांचंच अंगण होतं, गाडीच्या मागच्या कॅमेऱ्यातून दिसणारं. सकाळचे अकरा वाजले होते. आई दारातून बाहेर आली, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि गाडीच्या मागे येऊन बोलू लागली. समोर चिटपाखरू नव्हतं. चार मिनिटं ती गाडीशीच बोलली. मधेच तिने बोट नाचवलं, एकदा हसली आणि आत निघून गेली.

"रोज चाललंय," तो म्हणाला. "तीन आठवडे झाले. रविवारी तेवढं नाही, आपण घरी असतो ना."

तो कारखान्यात तयार माल तपासायचा. डोळ्यांना दिसलं आणि वहीत नोंदलं गेलं तरच ते खरं, हा त्याचा बाणा घरीही सुटत नसे. विजेवरची गाडी घेतल्यावर आठवडाभरात कोणीतरी तिचा आरसा फोडला. तेव्हापासून त्याने कॅमेऱ्यांचा पहारा चालू ठेवला होता. उभ्या गाडीजवळ कोणी आलं की चारही बाजूंचं चित्रण व्हायचं आणि त्याच्या फोनवर इशारा यायचा. तो स्वतः कारखान्याच्या बसने जायचा, गाडी आठवडाभर अंगणात नटून उभी. आरसा फोडणारा काही सापडला नाही. सापडली ती आई.

या पहाऱ्याचं कौतुक त्याने जेवताना इतक्या वेळा सांगितलं होतं की बायकोला ते पाठ झालं होतं. आई मात्र मन लावून ऐकायची.

"आवाजही येतो का रे?" तिने एकदा विचारलं होतं.

"नाही, नुसतं चित्र."

"बरं," म्हणून ती ताटाकडे वळली होती.

आता त्याने खिशातून घडी घातलेला अर्ज काढला. गावाबाहेरच्या वृद्धाश्रमाचा. तिथे एकच खोली रिकामी होती आणि सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

बायको अर्जाकडे बघतच राहिली. दोन वर्षांपूर्वी घरात हा विषय निघाला, तेव्हा हा माणूस दोन दिवस जेवला नव्हता.

"तुझ्या मनात आलंच कसं हे?"

"मला हौस आहे का? दिवसभर घरात एकटी असते. उद्या गॅस चालू ठेवून रस्त्याला लागली तर? तिथे परिचारिका तरी आहेत." तो अर्जाची घडी उलटसुलट करत राहिला. "मला ती जागाच नको वाटते. आईची गाण्याच्या वर्गातली मैत्रीण आहे तिथे. तिला भेटून आली की आई संध्याकाळभर गप्प असते."

"गप्प बसलं म्हणजे वेड लागलं असं नसतं. कालच त्यांनी माझं अडलेलं शब्दकोडं सोडवलं."

"मग वाच," तो म्हणाला. "ओठ वाचणं तुझं रोजचं काम. काही अर्थ लागला तर हा अर्ज इथेच फाडतो, आई कुठेही जाणार नाही. नाही लागला तर..."

त्याने अर्ज तिच्यापुढे ठेवला.

बायको एकोणीस वर्षं कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवत होती. तिथल्या स्नेहसंमेलनाला सासूबाई दरवर्षी पहिल्या रांगेत हजर असायच्या. बायकोने खुर्ची पुढे ओढली, फोन उजेडात धरला. तिला मनातून बरंच वाटलं. दोन वाक्यांत निकाल लागेल आणि सासूबाई घरी राहतील, याची तिला खात्री होती.

"तोंड केवढं उघडते बघ," तो खांद्यावरून वाकून म्हणाला. "अशी कधी बोलायची का आधी?"

"जरा थांब. बघू दे."

तिने चित्रण पहिल्यापासून पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहताना तिने फोन मांडीवर टेकवला. आतल्या खोलीत सासूबाईंचा रेडिओ चालू होता.

"काय म्हणतेय?"

तिने चष्मा काढला.

"काही कळत नाही."

"एकही शब्द नाही?"

"शब्द आहेत, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही."

ओठ वाचण्यात बायको चुकलेली त्याने आजवर पाहिली नव्हती. तो खाली बसला आणि ओंजळीत तोंड घालून रडला. एकुलता एक मुलगा आणि आईला घराबाहेर काढतोय, असं काहीबाही बोलत राहिला. बायको त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. तिलाही रडू येत होतं आणि तिने ते लपवलं नाही.

"मैत्रीण आहे तिथे," ती म्हणाली. "आपण दर रविवारी जाऊ. सही कर."

त्याने सही केली. मग डोळे पुसून, जरा आईजवळ बसतो म्हणाला आणि आत गेला.

फोन तिच्यापाशीच राहिला होता. तिने चित्रण चौथ्यांदा लावलं. सासूबाई थेट कॅमेऱ्यात बघत, एकेक शब्द सुटा करून सांगत होत्या: "सूनबाई, डोकं माझं जागेवर आहे. रोज हेच सांगतेय, कारण तो तुला कुठला दिवस दाखवेल कोण जाणे. मला मैत्रिणीजवळ राहायचंय. दोन वर्षांपूर्वी विचारलं तर तो दोन दिवस जेवला नाही, आणि तुला समोर सांगितलं असतं तर तू माझीच समजूत घातली असतीस. शहाणी आहे तोवर तो मला सोडायचा नाही. थोडा रडेल, पण जेवेल. तो तुला हे वाचायला लावेलच. तेव्हा एवढंच म्हण, काही कळत नाही."