समोरची खोली

धसईहून कल्याणच्या नोकरीवर जायला-यायला जगनचे रोज चार तास मोडत. म्हणून तो आणि बायको प्रेमा जुन्या चाळीतली तीच स्वस्त खोली तिसऱ्यांदा बघायला आले होते. मजल्यावरच्या बहुतेक खोल्यांना कुलपं, पाणी दिवसाआड.

"यापेक्षा स्वस्त आपल्याला मिळनार नाय," जगन वैतागून म्हणाला. "आज काय ते ठरव."

समोरच्या मावशी याही वेळी चहा घेऊन आल्या आणि चाळीचं कौतुक करू लागल्या. हवा चांगली, शेजार चांगला.

प्रेमाला राहवलं नाही. "मावशी, येवढं चांगलं हाय, तर सगळी सोडून का गेली?"

मावशींनी मान खाली घातली.

"या मजल्यावर आता मी एकटीच उरलेय गं. तुम्ही तरी या."