हनुवटीखालचे हात

"पायांना गरम पाणी दे गं," आई खुर्चीत बसत म्हणाली. वाढ खुंटलेल्या मुलांवर ती संशोधन करायची. उंची सकाळीच मोजायची, कारण दिवसभरात माणूस थोडा खचतो, हा तिचा नियम.

"मग आत्ता तुला मोजू?" मी विचारलं.

"नको बाई. संध्याकाळी मी बुटकीच भरणार," ती थकून हसली. "उद्या लवकर उठव. रेवंडी गावाहून एक पोर तपासणीला उपाशीपोटी येते, ताटकळायला नको."

सकाळी उठवायला गेले, तर आई गार पडली होती.

शेजारच्या काकू हलकेच म्हणाल्या, "जबडा धर बाळा, नाहीतर तोंड उघडं राहील."

मी दोन्ही हात तिच्या हनुवटीखाली घेतले. मुलांना भिंतीशी उभं करून, मान सरळ राहावी म्हणून, तीही असंच धरायची. मला ताप असला तरी ती त्यांच्याकडे जायची. मी कधीच अडवलं नव्हतं. सगळे मला शहाणी म्हणायचे.

"आई," मी म्हणाले, "आज जाऊ नकोस गं."